वगळायच्या यादीतली पहिली ओळ

सेल्वनायकी अक्कांनी लबाडी केली, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. पण मला कोणी सांगितलं नाही. मी स्वतः वाचलं. शुक्रवार होता, सकाळचे सव्वादहा.

आमची कंपनी कोइमतूरच्या सूतगिरण्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहिते. मी तमिळ साहित्य शिकले आणि इथे माहितीपुस्तकं लिहिते. अक्का चौपन्न वर्षांच्या. तीन वर्षं आम्ही एकत्र जेवतो. त्यांचं काम मोजण्याचं. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून मोजायचा. आमचा प्रोग्रॅम म्हणजे क्लास नावाच्या शेकडो डब्यांची मांडणी. एका डब्यात किती कामं कोंबली आहेत, तो इतर किती डब्यांच्या आधाराने उभा आहे, आतली कामं एकमेकांच्या नात्यातली आहेत की नुसती शेजारी बसलीत, हे अक्कांनी लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम, त्यांचं 'मापयंत्र', आकड्यांत सांगतं. वीस कामं आणि नऊ आधार ही हद्द. त्यावर गेलं की लाल. दर शुक्रवारी अकरा वाजता अक्कांच्या सहीची यादी भिंतीवर लागते. तीनदा लाल आलं की त्या माणसाने कोड सोडायचं आणि गिरण्यांच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसायचं. हा नियमही अक्कांचाच.

त्यांचे वडील गिरणीत सूत तपासत. लडी ओढायची, तोलायची, सूत किती बारीक त्याचा नंबर सांगायचा. "कापड होऊन फाटेपर्यंत कशाला थांबायचं?" अक्का म्हणत. "सूतच सांगतं." वडिलांनी एकदा सख्ख्या भावाच्या साच्यावरचं, म्हणजे त्याच्या कताईयंत्रावरचं, सूत परत पाठवलं. त्या दिवाळीला काका घरी आले नाहीत. ही गोष्ट अक्का हसत सांगत.

त्या शुक्रवारी आरोकियराजचं तिसरं लाल येणार होतं. सोळा वर्षं कोड लिहिणारा माणूस. त्याच्या एका क्लासमध्ये एकतीस कामं होती आणि तो त्याला मोडता येईना. चहाच्या वेळी तो अक्कांसमोर येऊन उभा राहिला.

"अक्का, वरची अकरा कामं तुमच्या पिशवीत घाला. लिंबूभाताच्या डब्याखाली कोण बघतंय?"

"तोड की त्याला. रक्त येत नाही."

"तोडला तर चार तुकडे चार कोपऱ्यांतून एकमेकांना हाका मारतील. मग तुम्हीच म्हणाल, आधार वाढले."

"हाका मारणार नाहीत असा तोड."

"आणि फोनवर मी काय बोलू? मला दोन वाक्यं गोड बोलता येत नाहीत."

"घरी बायकोवर सराव कर."

तो हसला. वडा तसाच ठेवून निघून गेला.

मी त्या आठवड्यात मापयंत्राचंच माहितीपुस्तक लिहीत होते. मला प्रत्येक ओळ वाचायची सवय आहे. यंत्रात एक यादी होती, 'मोजू नये' अशी. बाहेरून तयार आणलेले तुकडे त्यात घालतात. पहिली ओळ मात्र आमच्या घरच्या क्लासची होती. साच्याचं झाकण उघडलं की सूत पिळणाऱ्या फिरत्या चाती थांबवणारा क्लास. लिहिणारीचं नाव सेल्वनायकी. तारीख बारा वर्षांपूर्वीची, मापयंत्राच्या पहिल्या दिवसाची. पुढे लिहिलं होतं, 'एका आठवड्यापुरतं.'

मी तीनदा वाचलं. दुसरा अर्थ निघेना.

लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी चष्मा लावला आणि ती ओळ वाचली.

"विसरलात ना, अक्का?" मी विचारलं. मला त्यांचा होकार हवा होता.

"नाही, कयल. दर शुक्रवारी आठवतं."

मी खुर्ची ओढून बसले.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांत वाईट मी निघाले," अक्का म्हणाल्या. "साहेब म्हणाले असते, मोजणारीच नापास, मग मोजता कशाला? म्हणून माझा क्लास एक आठवडा मोजणीबाहेर ठेवला. पण तो क्लास चांगला चालला. बारा वर्षांत त्या साच्यांवर एकाही बाईचं बोट गेलं नाही. चालतंय त्याला कोण हात लावतो?"

"आरोकियराज हेच म्हणतो."

"हो," त्या म्हणाल्या. "हेच म्हणतो."

अकराला सगळे भिंतीपुढे जमले. आरोकियराजने टेबल आवरून ठेवलं होतं. अक्कांनी सगळ्यांदेखत यादीतली पहिली ओळ पुसली आणि मापयंत्र चालवलं. पडद्यावर आकडे आले. एकशे सत्त्याऐंशी कामं. एक्केचाळीस आधार.

"अक्का, यंत्र बिघडलं," मागून कोणीतरी म्हणालं.

"यंत्र ठीक आहे. क्लास माझा आहे. बारा वर्षं लपवला."

कंपनीचे प्रमुख वरदराजुलु साहेब पुढे आले. "अम्मा, नियमच बदलू या."

"बदला. पण आधी मला लावा. बारा वर्षांचे शुक्रवार मोजा. तीन पुरेत."

"आणि आजची यादी?"

"तिच्यावर माझी सही चालणार नाही. बिनसहीची यादी लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नवा मोजणारा नेमा, त्याने पहिल्यापासून मोजावं. माझं धरून."

आरोकियराजने आपल्या आवरलेल्या टेबलाकडे बघितलं. "अक्का, मग मी काय करू?"

"तू कोड लिही. आणि माझा तो क्लास मोडायला घे. जपून. त्यात बायकांचे हात आहेत."

त्यांनी पिशवी उचलली, डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या फोनच्या टेबलाशी जाऊन बसल्या. मी त्यांना त्या एकट्या असताना गाठून सांगितलं होतं, ते झाकता यावं म्हणून. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

फोन वाजला.

"बोला," अक्का म्हणाल्या. "कुठली गिरणी?"