साहेबाचा आवाज

पहिल्या बाकावरच्या सायलीचं पेन थांबलं.

आमच्या कॉलेजात इंग्रजी कादंबरी मराठीत सांगून शिकवतात आणि नकलांना मी असतोच. आज आफ्रिकेत हस्तिदंतापायी वेडावलेला गोरा साहेब होता. मी छाती फुगवून ओरडलो, "या काठापासून त्या काठापर्यंत नदी आपलीच!" वर्ग खिदळला आणि एकदम गप्प झाला. माझ्या तोंडून गावचा वाळू ठेकेदार बोलला होता, हुबेहूब. म्हणजे सायलीचे बाबा. शपथ, ठरवून नव्हतं केलं. नदी कुठलीही असो, हावेचा आवाज एकच असावा बहुतेक.

सर सावरून घेत म्हणाले, "हा लेखक साहेबाला धड राक्षस म्हणत नाही, धड माणूस म्हणत नाही. आपल्यालाच लटकवून ठेवतो."

तास सुटल्यावर सायली समोर आली. मी गाल सांभाळला.

"बाबांचा काढलास ना?"

"अगं, पुस्तकातल्या साहेबाचा..."

"गप रे. डोक्यावरून हात फिरवत मलाही ते असंच म्हणतात, सायली आपलीच. ह्याच आवाजात. तुला आवाजातलं कळतं ना? ते प्रेमच असतं ना रे?"

गावातल्या सगळ्यांचे आवाज काढतो मी. तेव्हा माझा स्वतःचा निघेना.