पुलाअलीकडचा पुढारी

"आता पुलापाशी येऊ," असं म्हणून काका खिशातला रुमाल काढत आणि लांबट घडी करून टेबलावर ठेवत. रुमाल म्हणजे नदी. त्यावर आडवं पेन म्हणजे पूल. आणि नेमकं तेव्हाच मागे कुणीतरी आरतीची घंटा वाजवून बघे.

कोलकात्यात आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला तुम्ही कधी आला असाल, तर हे पाहिलं असेल. मुलांची वेशभूषा आणि आरती यांच्यामध्ये जी फट उरते, तिला आमच्याकडे व्याख्यान म्हणतात. ती फट दरवर्षी काकांची. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून डमडमला एकटे राहणारे. विषयही दरवर्षी तोच, कोरियातला एक पुढारी. त्याचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

तो मूळचा शाळामास्तर. जपान्यांनी तुरुंगात टाकला. सुटल्यावर परदेशात वर्षं काढली, स्वातंत्र्य आल्यावर परतला, आणि मंत्री होऊन जरा टेकतो तोच युद्ध आलं. शत्रू राजधानीच्या दाराशी. रेडिओवरून सरकार सांगतंय, लोकहो, घाबरू नका, शहर सोडू नका. आणि सांगणारे स्वतः केव्हाच निघून गेलेले. लोक पुलावर असतानाच त्यांच्याच सैन्याने पूल उडवला.

"तेव्हा आमचे पुढारी कुठल्या काठावर होते?" असं विचारून काका सभेकडे बघत. सभा प्रसादाकडे बघत असे, आणि व्याख्यान तिथेच संपे.

"ह्यांचा पूल काही ओलांडून होत नाही हो," बायका म्हणत.

मी मंडळाचा कार्यक्रमप्रमुख. गार्डन रीचला जुन्या जहाजांचं सामान घेतो आणि विकतो. शिक्षण बेताचं, घासाघीस करूनच वर आलो. मंडळात बदलीवर आलेले साहेबलोक आहेत. मांडववाल्याशी भांडायला त्यांना मी लागतो, फोटोत उभे मात्र तेच राहतात. म्हणून एकदा काकांना म्हटलं, "स्मरणिकेत माझ्यावर दोन पानं लिहा."

"लिहितो की. पण आधी तुमचं काहीतरी जाऊ दे. नुसत्या जिंकणाऱ्यावर काय लिहायचं?"

बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी ते स्वतःच गोदामात आले. काठी टेकत, धापा टाकत.

"मला या वेळी एक तास हवा."

"वीस मिनिटं."

"तास."

"पंचवीस. आणि आरती थोडी उशिरा लावतो. बास?"

"शेटजी, हे भंगार नाही, माणूस आहे. दरवर्षी तुम्ही त्याला पुलाच्या तोंडाशी उभा करता आणि जेवायला जाता."

मी त्यांचा भाव मान्य केला.

समितीत मी रान उठवलं. खजिनदार बँकेतले मोठे अधिकारी. ते म्हणाले, "तासभर कोण ऐकणार?" मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं नृत्य आम्ही दोनदा बघितलं ना?" तास मिळाला.

आणि काका आजारी पडले. रुग्णालयात गेलो तेव्हा नाकात नळी होती, आवाज पार बसलेला.

"तास मिळाला?"

"मिळाला. पण काका, शेवट मला आत्ताच सांगा."

"एकट्याला?" त्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला. "नाही. सभेत सांगेन. थांबा."

"सांगा हो. हट्ट कसला?"

"थांबा म्हणतो ना."

ऐन गणपतीच्या तोंडावर ते गेले.

माझा राग अजून गेलेला नाही. लोकांना थांबा सांगून स्वतः निघून जाणाऱ्यांवर ज्याने जन्मभर दात धरला, त्याने माझ्याशी हेच करावं? माझी मुलगी इथेच वाढलेली. ती म्हणते, "बाबा, फोनमध्ये आहे ना सगळं." बघितलं. पदं आहेत, सालं आहेत, मृत्यूही आहे. पण काठावर उभं राहून त्या माणसाने काय ठरवलं, आणि का, ते तिथे नाही. ते काकांपाशी होतं.

व्याख्यानाच्या संध्याकाळी खजिनदार म्हणाले, "मग आरती लवकर घेऊ या." मी नाही म्हटलं. भांडून मिळवलेलं मी परत देत नाही. माइक घेतला आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. शाळा, तुरुंग, परदेश, युद्ध, रेडिओ. घाईघाईने, धंद्यातल्या माणसासारखं. पुलापाशी आलो आणि थांबलो.

कुणी उठलं नाही. पहिल्या रांगेतून खजिनदारांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "मग? ते अलीकडे राहिले, की पलीकडे गेले?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तास अजून बराच शिल्लक होता.