शामण्णांचे उपाय, आमची रक्तं

रक्त दिलेला माणूस गप्प बसत नाही. दंडावर कापूस दाबून जरा बसा म्हटलं की तेवढ्यात घरातलं सगळं बाहेर येतं. त्यातून जेवणानंतरची साखर तपासायची असेल तर लोक इडली खाऊन परत येतात आणि राहिलेलंही सांगून टाकतात. तंजावुरात माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. रिपोर्ट जुने झाले की रद्दीत जातात, किस्से मात्र जात नाहीत. ते माझ्याकडेच साठलेत.

त्यातले बरेचसे आमच्याच टोळक्याचे. गावातून कालवा जातो, त्याच्या काठाने आम्ही काही जण सकाळी चालायचो. सगळे इथलेच मराठी. घरात मराठी, भाजीवाल्याशी तमिळ आणि डॉक्टरसमोर बसलं की आपोआप इंग्रजी. टोळक्याचे पुढारी शामण्णा, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. दुसऱ्या पद्मक्का, शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. तिसरा माझा चुलतभाऊ सेतु, ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात नोकरीला. सेतुला तरुणपणापासून डायबेटिस.

फोनवर आमचा एक ग्रुपही होता. त्यात सूर्य उगवायच्या आधी शामण्णांचा उपाय उगवायचा.

*

पहिला उपाय ताडगुळाचा. पांढरी साखर विष आहे, ताडाचा काळा गूळ औषध आहे, असं शामण्णांनी जाहीर केलं. मग त्यांची कॉफी ताडगुळाची, पायसम ताडगुळाचं, आणि औषधच म्हटल्यावर दोन वाट्या खायला हरकत काय?

दोन-तीन महिन्यांनी रक्त द्यायला आले. साखर चांगलीच वाढली होती. मी रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा काढला आणि माझं मशीन तपासून घ्यायला सांगितलं.

मग ते दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथेही तेच. तिसरीकडे गेले, तिथेही तेच.

परत आले तेव्हा चेहरा गंभीर होता. म्हणाले, "तुम्हा सगळ्यांची मशीनं एकाच कंपनीची दिसतात."

*

मग तांब्याचं भांडं आलं. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नाही. पण शामण्णांना नुसता उपाय पुरत नसे. त्यांनी व्हिटॅमिन सी मिळावं म्हणून त्या पाण्यात रात्रीच लिंबं पिळली.

सकाळी कालव्यावर येताना ते पाणी बाटलीतून सगळ्यांसाठी आणलं. पद्मक्कांनी वास घेऊन बाटली परत दिली. मी घरी कॉफी घेऊन आलोय असं सांगितलं. सेतुने मात्र ग्लासभर घेतलं. सेतु कोणाला नाही म्हणत नसे.

पुलापर्यंत पोचायच्या आत दोघांनी कालव्याच्या कठड्याला धरलं. शामण्णांना ओकाऱ्या थांबल्यावर जरा बरं वाटलं, तेव्हा ते सेतुच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले की बघ, किती घाण साठली होती आत.

पद्मक्का म्हणाल्या, "तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे मी सातवीच्या मुलांना शिकवलंय. त्यात तुमचा मुलगाही होता."

*

ओरत्तनाडूला सेतुच्या ऑफिसात फुकट आरोग्य शिबिर भरलं. एक टेबल, एक लॅपटॉप आणि वायर जोडलेली एक पितळी दांडी. दांडी मुठीत धरायची, टायवाला तरुण नाव, वय, पुरुष की बाई एवढं विचारून टाइप करायचा, आणि थोड्या वेळात सगळ्या शरीराचा रंगीत रिपोर्ट छापून यायचा. सुई नाही, रक्त नाही. सेतुने मला मुद्दाम बोलावून घेतलं. तुम्हा लॅबवाल्यांचा धंदा बसणार, म्हणाला.

मी रांगेत उभा राहिलो. माझं लिव्हर सुस्त निघालं.

मग मी परत रांगेत गेलो. बायकोचं नाव आणि वय सांगितलं, ती मागून येतेय म्हटलं, आणि दांडी मीच धरून ठेवली. टायवाल्याने मान वर केली नाही. रिपोर्ट आला. माझं गर्भाशय अशक्त निघालं. त्यावर एक पावडर लिहून दिली होती, पुढच्याच टेबलावर मिळणारी.

सेतुला दाखवलं तर तो हसून हसून खुर्चीत बसला. ऑफिसातल्या प्रत्येकाला तो कागद दाखवून आला. संध्याकाळी आम्ही एकत्र बसने तंजावूरला निघालो, तेव्हा त्याच्या मांडीवर त्याच पावडरचा मोठा डबा होता.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तुझ्या आधी घेतला होता मी."

*

फसवणूक फक्त दांडीवालेच करतात असं मला म्हणायचं नाही. पद्मक्कांचा मुलगा परदेशात असतो. त्याने आईच्या वाढदिवसाला एका मोठ्या हॉस्पिटलचं फुल बॉडी चेकअप पाठवलं. पूर्वी मुलं आईला साडी पाठवायची.

पद्मक्कांना काहीही होत नव्हतं. कालव्यावर त्या आमच्या पुढे चालायच्या. पण पॅकेजमध्ये कॅन्सरसाठीची एक रक्ततपासणी होती आणि तिचा आकडा किंचित वर आला. असा आकडा बिनकामाच्या कारणानेही वर येतो. पण एकदा कागदावर लाल अक्षरात उमटला की त्याला कोण अडवणार? स्कॅन झाला, दुसरा स्कॅन झाला, एक नळी घालून झाली. मुलगा रोज फोन करून रडायचा आणि पद्मक्का त्याची समजूत घालायच्या. चालणं बंद झालं. वजन उतरलं. रात्री झोप नाही म्हणून गोळी सुरू झाली.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी हसत हसत हात पुढे केला आणि म्हणाले, काँग्रॅच्युलेशन्स, तुम्हाला काही झालेलं नाही.

पद्मक्कांनी हात मिळवला नाही. "मला इथे यायच्या आधीही काही झालेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

झोपेची गोळी त्यांची अजून चालू आहे.

*

आता सेतुचं.

शामण्णांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. भगव्या कुडत्यातला कोणी एक जण सांगत होता की इन्शुलिन म्हणजे गुलामी, ते सोडलं की शरीर स्वतःच शिकतं. जुन्या वाणाचा काळा तांदूळ खायचा आणि खड्यांवर अनवाणी आठचा आकडा काढत चालायचं. पार्कात तशी खड्यांची वाट आहेच.

सेतु इन्शुलिनला कंटाळला होता. लग्नाच्या पंगतीत बसलं की आधी कोपऱ्यात जाऊन पोटाला टोचून यायचं, हे त्याला फार लागायचं. त्याने शामण्णांना विचारलं, खरंच सोडू का? शामण्णा म्हणाले, "माझ्याकडे बघ. माझीही साखर वाढली होती, पण एक गोळी घेतली नाही कधी. आहे का काही मला?"

सेतुने इन्शुलिन सोडलं.

मी सांगितलं. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याची बायको इंदु माझ्यासमोर त्याच्या पाया पडली. साखर इतकी वाढली होती की मी दोनदा तपासून पाहिली. सेतु शांतपणे म्हणाला की आधी वर जाते, मग खाली येते, व्हिडिओत तसं आधीच सांगितलंय. काळा तांदूळ औषध म्हणून ताट भरून जेवायचा. पहाटे खड्यांवर आठ काढायचा. पाय हलके वाटतात, म्हणायचा. ते हलके वाटत नव्हते, त्यांना काही वाटतच नव्हतं. जुन्या डायबेटिसने पायाची जाण जाते.

एक दिवस इंदु फरशी पुसत होती. स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत तांबूस डाग पडले होते. तिने सगळ्यांना विचारलं की कोणाचा पाय कापलाय? सेतु पेपर वाचत होता. माझा नाही, म्हणाला. मग तिने स्वतः त्याचा पाय उचलून पाहिला. तळव्यात खडा होता, आत गेलेला, आणि त्याच्याभोवतीचं मांस काळं पडलं होतं.

आधी बोटं काढली. मग गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

ती बातमी मी ग्रुपवर टाकली. शामण्णांनी जोडलेले हात पाठवले. आणि दुपारी जखम लवकर भरायला काय लावावं याचा एक उपाय पाठवला.

मी ग्रुप सोडला. पद्मक्कांनी फोन केला, म्हणाल्या की तू सोडलास तर त्यांना उत्तर कोण देणार?

मी विचारलं, "आजवर कोणी दिलं?"

*

पुढे सेतु कुबड्यांवर फिरायला लागला. इन्शुलिन परत सुरू झालं होतं. शामण्णांबद्दल तो काही वाईट बोलत नसे. माझ्याच नशिबात होतं, त्यांनी तर चांगल्या मनाने सांगितलं, म्हणायचा. ते ऐकून इंदु उठून आत जायची.

मग शामण्णांना ताप आला. घरी येऊन रक्त घेऊन जा, असा त्यांच्या बायकोचा, कमलवैनींचा फोन आला. मी निघालो तेव्हा सेतु म्हणाला, मलाही ने, ते हॉस्पिटलात मला बघायला आले होते. ऑटोतून उतरून तीन पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. मी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

शामण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. सेतुला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सेतु शेजारच्या खुर्चीत बसला. मी रक्त घेतलं, कापूस दाबायला सांगितला.

तेवढ्यात कमलवैनी आतून आल्या. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात वारांचे कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा. त्यांनी त्या दिवसाचा कप्पा उघडला आणि ओळीने गोळ्या तळहातावर घेतल्या. पांढरी साखरेची, छोटी ब्लड प्रेशरची, लांबट कोलेस्टेरॉलची. रोज बघतो मी, लांबूनही ओळखतो.

"ताप असताना या घेतलेल्या चालतात ना?" त्यांनी मला विचारलं. "यांचं फार काटेकोर आहे. इतक्या वर्षांत एक चुकवली नाही कधी."

शामण्णांनी डोळे मिटून घेतले. मी सुईला टोपण लावत राहिलो.

सेतु त्या गोळ्यांकडे बघत होता. मग त्याने कुबड्या भिंतीला नीट टेकवल्या, वैनींच्या हातातून ग्लास घेतला, गोळ्याही घेतल्या, आणि पुढे वाकून शामण्णांच्या तळहातावर एकेक करून ठेवल्या.

"घ्या अण्णा," तो म्हणाला. "वेळ चुकवू नका."