राजगिऱ्याएवढी चांदणी

अकोटजवळच्या मैनाबाई माळणीने सारी सृष्टी आपल्या मळ्यातल्या मापांवर बसवली होती. राजगिरा, मोहरी, आवळा, कवठ. याबाहेर तिचं मोजणं जात नसे.

लेक शकुन विचारायची, "माय, चांदणी केवढी असते व?"

"दिसते राजगिऱ्याएवढी. पन दूरचं सारंच लहान दिसते, पोरी. तो डोंगर नाई का दिसत ढेकळाएवढा? पायथ्याशी गेलं का मान मोडते!"

दूरदेशीच्या लढाईने कापसाचा भाव चढला, तशी मैनाबाईने वांगी-मेथी मोडून मळाभर कपाशी लावली. ऐन वेचणीत अमरावतीहून देवी टोचणारे उत्तमराव आले. त्यांच्यापाशी भिंग होतं. त्याखाली त्यांनी कापसाचा तंतू धरला, तर तो सुतळीएवढा दिसला. शकुन टाळ्या पिटू लागली.

"देवीचा रोगही बारीक बियांनीच पसरतो," उत्तमराव म्हणाले.

"केवढं असते ते बी?"

"या भिंगातूनही दिसत नाही, बाई."

"अजी, मंग त्याले काय भ्याचं! चांदन्या इतक्या दूर, त्याबी बिनभिंगाच्या दिसतेत!"

वेचणाऱ्या बाया खदखदून हसल्या. उत्तमराव हसले नाहीत. "पोरीला टोचून घ्या. दंड सुजेल, दोन-चार दिवस ताप येईल, इतकंच."

तापाचं ऐकून मैनाबाई थबकली. बोंडं फुटून कापूस मातीत पडत होता, आणि शकुनचा हात मोठा चपळ. "येचनी झाल्यावर या," ती म्हणाली.

वेचणी उरकायच्या आतच शकुनला देवी आल्या. मैनाबाईने दाराला कडुनिंब बांधला, घरातली फोडणी बंद केली, शीतळामाईपुढे पदर पसरला. पोर वाचली, डोळे गेले.

गाव म्हणालं, माईची मर्जी. मैनाबाईने माईला कधी बोल लावला नाही. रोज दिवा लावताना ती हात जोडायची, पण काही मागायची नाही. कापसाला पोरीहून मोठं कोणी मानलं, हे तिला ठाऊक होतं.

पुढे भाव पडला. मळ्यात पुन्हा मेथी आली. शकुन आता बोटांनी बियाणं निवडायची. एका तिन्हीसांजेला तिने विचारलं, "माय, शुक्राची चांदनी निंगाली काय?"

"निंगाली."

"केवढी?"

मैनाबाईने तिच्या तळव्यावर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवला. शकुनने तो बोटाने हळूच फिरवून पाहिला.

"अन् देवीचं बी केवढं होतं व?"

मैनाबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यावर ठेवायला तिच्यापाशी माप नव्हतं.