दैवशालाबाईंच्या छातीतल्या लाह्या

पिंगळीच्या आसपास कुणाचं लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकायच्या आधी दैवशालाबाईंना विचारून घेतात. त्या मोकळ्या असतील तर तारीख पक्की, नसतील तर दुसरा मुहूर्त. बाई उंच, अंगानं दणकट, आणि आवाज असा की भट्टीपाशी उभं राहून "मीठ आणा" म्हणाल्या तर शेजारच्या मांडवातले लोकही मीठ शोधायला लागावेत.

स्वयंपाकाचं हे काम त्यांच्याकडे अपघातानंच आलं. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर, सुग्रीवबरोबर, सांगलीकडं ऊस तोडायला जायच्या. एका हंगामात कोयता पायावर बसला आणि फडात उभं राहणं बंद झालं. नुसतं खोपीत बसून काय करायचं, म्हणून त्यांनी सगळ्या टोळीचा स्वयंपाक अंगावर घेतला. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या माणसांना गरम भाकरी आणि वांग्याचं झणझणीत कालवण मिळालं, तेव्हा मुकादम म्हणाला, "बाई, तुला कोयता कुणी दिला गं?" गावी परतल्यावर कुणाचं बारसं झालं, कुणाचं जावळ झालं, मग लग्नं यायला लागली. दोघांचं उसाला जाणं हळूहळू बंदच झालं.

गेल्या थंडीत गावभर खोकला पसरला होता. दैवशालाबाईंनाही ताप आला, अंग मोडून निघालं. त्यात किशनरावांच्या सविताचं लग्न तोंडावर आलेलं. बाईंनी मेडिकलवरून सर्दीच्या गोळ्या आणल्या, ताप उतरायची वाट न बघता कोऱ्या चहाचे कपावर कप रिचवले आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच किशनरावांच्या अंगणात कढई चढवली.

बुंदी पाडता पाडता त्यांच्या छातीत काहीतरी सुरू झालं. काळीज दोन पावलं पळे, एकदम उडी मारी, क्षणभर थांबे आणि पुन्हा सैरावैरा पळत सुटे. डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या बेसनाच्या पोत्यावर टेकल्या. त्यांना कामात बसलेलं कुणी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं सून पंकजा हातातलं टाकून धावली.

"मामी, काय व्हायलंय?"

"काय न्हाई गं. छातीत लाह्या फुटायल्यात. थांबत्याल."

पंकजानं त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. तिनं हाक मारली तसा सुग्रीव मांडवाचा खांब सोडून आला.

"चल, परभणीला जाऊ."

"अवो, बुंदी कोण पाडील? लग्न उद्यावर आलंय!"

तेव्हा तानुबाई पुढं आल्या. वर्षानुवर्षं दैवशालाबाईंच्या हाताखाली कांदे चिरणारी, कढईपाशी एक शब्द न बोलणारी ही बाई. तिनं दैवशालाबाईंच्या हातातला झारा काढून घेतला.

"मी पाडते. तू जाय."

धक्का इतका मोठा होता की दैवशालाबाई गुमान रिक्षात बसल्या.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर सुकेशनी यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, तो कमी होता. मग छातीवर वायरी चिकटवून ईसीजी काढला. कागदाची पट्टी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मावशी, ठोके फार जोरात पडताहेत, आणि एकाही ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही."

"म्हंजी अटॅक?" सुग्रीवनं मधेच विचारलं.

"नाही काका. तुमच्या गावात जो फ्लू आलाय ना, त्याचा विषाणू छातीत उतरलाय. अंगात ताप, ऑक्सिजन कमी, पोटात पाणी नाही, या सगळ्याचा ताण हृदयावर येतो. मग हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात. बहुतेक वेळा आजार उतरला की तेही ताळ्यावर येतात. पण उपचार न करता घरी बसलं, तर आत रक्ताची गाठ होऊ शकते. कुठल्या गोळ्या घेत होता?"

बाईंनी पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि मान हलवली. "नाक मोकळं करणाऱ्या या गोळ्यांनी ठोके आणखी वाढतात. वरून कोरा चहा. आता चार दिवस माझ्याकडंच राहा."

ऑक्सिजन लागला, सलाईन लागलं, फ्लूचं औषध, ठोके आवरायचं औषध, रक्त पातळ करायचं इंजेक्शन, सगळं सुरू झालं. उशाशी टीव्हीसारखा पडदा, त्यावर हिरवी रेघ नाचायलेली. थोडं बरं वाटताच बाईंनी फोन मागून घेतला.

"तानु! वांगी पाण्यात टाकलीस का? मिठाच्या पाण्यात! आगं, साध्या न्हाई!"

पडद्यावरचा आकडा चढला, यंत्र केकाटायला लागलं आणि नर्स पळत आली. तिनं फोन हातातून घेऊन थेट सुग्रीवच्या खिशात घातला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी पोट धरून हसली.

लग्नाच्या दुपारी सुग्रीव पंगतीतला डबा घेऊन आला. हृदयाला तेल-मीठ कमीच बरं म्हणून डॉक्टरांनी फक्त चव बघायची परवानगी दिली. बाईंनी वरणाचं बोट चाटलं. वांग्याची फोड तोडली. बुंदीचे दाणे तळहातावर घेऊन निरखले. खोड काढायची त्यांची फार इच्छा होती, पण काही सापडेना. त्यांना बरं वाटलं आणि रडूही आलं.

"लोकं काय म्हणाले?"

"लय मस्त झालं म्हणाले."

"माझं नाव काढलं का कुणी?"

"काढलं की! दैवशालाच्या हाताखाली शिकली म्हणून तानुला जमलं, असं म्हणत व्हते समदे."

बाई समाधानानं उशीला टेकल्या. पुढं कधीतरी त्यांना कळलं की असं कुणीच म्हणालं नव्हतं, सगळे जेवण्यात गुंग होते. सुग्रीवनं रिक्षातच वाक्य तयार केलं होतं. बाईंनी त्याला ते कळलंय असं दाखवलं नाही. त्या दिवशी त्याला वाढताना तूप मात्र हात सैल सोडून घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजा वेणी घालून देत होती, तेव्हा तिचं लक्ष पडद्यावर गेलं. रेघ एकसारखी चालली होती, शेताच्या तासात सारख्या अंतरावर पेरलेल्या दाण्यांसारखी. डॉक्टरांनी पुन्हा ईसीजी काढला, सोनोग्राफीवर हृदय पाहिलं आणि ते धडधाकट असल्याचं सांगितलं. काही गोळ्या थोडे दिवस, तपासणीला यायचं, आणि दरसाल फ्लूची लस घ्यायची.

"आणि मावशी, सर्दीतापात पुन्हा असं धडधडलं, दम लागला, चक्कर आली, तर पोत्यावर बसू नका. इकडं या."

घरी आल्यावर तानुबाई भेटायला आल्या. दोघी बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिल्या. शेवटी दैवशालाबाई म्हणाल्या, "बुंदीचा पाक कसा धरलास गं?" तानुबाईंनी सांगितलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मधे न बोलता ऐकून घेतलं. तेव्हापासून गोडाचं खातं तानुबाईंकडं गेलं, आणि दैवशालाबाई भट्टीपाशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. आवाज तेवढाच आहे.

मात्र गावात आता कुणी जोरात खोकलं की बाई त्याच्या मागं लागतात. परवा त्यांचा दीर गोपीचंद खोकत आला, "वैनी, जरा धडधड व्हायलीय," म्हणाला आणि फसला. बाईंनी त्याला तसाच परभणीला नेला.

"सदरा काढ. लाजू नकोस, डॉक्टरीणबाईनं लय छात्या बघितल्यात."

ईसीजी अगदी स्वच्छ निघाला. साधी सर्दी होती, आणि वहिनी समोर उभी असल्यानं धडधड जरा वाढली होती, एवढंच. "उगंच खेटा पडला," गोपीचंद कुरकुरला.

"उगंच पडला त्येच बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्याला स्टेशनसमोरच्या गाड्यावर गरम भजी खायला घेऊन गेल्या. भजी कच्ची होती. ते त्यांनी गाडेवाल्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.