कट कोणीच म्हणालं नाही

माणूस तुमच्यासमोर पडला, तर तुम्ही आधी धावता की आधी हसता? उत्तराची घाई करू नका. यंदाच्या मार्चपर्यंत मीही छाती ठोकून सांगितलं असतं की मी धावतो. पांढुर्ण्यातल्या आमच्या घरात वडिलांनी नगरपालिकेची नोकरी सांभाळून दर जयंतीला एक पत्रक छापलं, कधी पाण्याबद्दल, कधी मजुरीबद्दल, कधी कुणाच्या अंगणात झालेल्या मारहाणीबद्दल. उरलेली पत्रकं आई फळीवर भांड्यांखाली अंथरायची. डबे सरकवून ती अक्षरं जुळवत मी वाचायला शिकलो. अशा घरात वाढलेल्या माणसाला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत याची शंका येत नाही. मला ती आली, गजूभाऊ पडला त्या सकाळी. त्याला जाऊन आता सात आठवडे होतील...

गजूभाऊ म्हणजे गजानन. लोधीखेड्याच्या वाटेवर त्याची लहानशी संत्र्याची बाग होती, आणि बागेतून सुटला की तो विनोदी पिक्चर करायचा. चित्रण मोबाइलवर, जोडणी जुन्या लॅपटॉपवर, आणि पहिला खेळ संत्री भरायच्या शेडमध्ये, दोन खांबांना ताणून बांधलेल्या चादरीवर. लोक क्रेट पालथे घालून बसायचे. सौंसरहून, पांढुर्ण्याहून मोटारसायकलींवर तिघे-तिघे यायचे. तो स्वतः प्रत्येक पिक्चरमध्ये असायचा आणि प्रत्येक पिक्चरमध्ये पडायचा. शेणखताच्या खड्ड्यात, वरातीत, सरपंचाच्या अंगावर. आधी गुडघे मोडायचे, मग काहीतरी आठवल्यासारखा तो अर्ध्यात थांबायचा, आणि मग कुशीवर जायचा. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत त्याच्यासारखं पडून दाखवायची.

त्याचा पहिला गाजलेला पिक्चर ‘टाका’. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधोमध झेंडा बांधलेलं पळसाचं झाड, आणि दिवसभर दगड. डोकी फुटतात, डोळे जातात, कधी माणूसच जातो. नंतर तीच माणसं एकमेकांच्या घरी लग्नाच्या पंगतीला बसतात. ‘टाका’मधल्या तरुणाच्या डोक्यावर दगडाची एकही खूण नसते, म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. तो खोटी खूण रंगवून घेतो आणि मुलगी बघायच्या दिवशी ती घामाने कपाळावरून ओघळते. मुलीचा बाप आपल्या रुमालाने त्याचं कपाळ पुसतो आणि रुमालाचा वास घेतो. शेडमधले लोक लोळत होते. पहिल्या रांगेत गजूभाऊचे वडील बसले होते. त्यांचा डावा डोळा फार वर्षांपूर्वी गोटमारीतच गेला. खेळ संपल्यावर ते उठले, पैरणीची बाही नाकाला लावली आणि म्हणाले, “मले अर्धाच दिसला बाप्पा. पन जेवढा दिसला तेवढा बराबर हाय.”

लोक घरी गेले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण गजूभाऊच्या पिक्चरनंतर कोणी घरी जायचं नाही. पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवणारे रमेश मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “गजू, तू या दगडांची लाज चव्हाट्यावर आनली. कोनीतरी बोललं एकदाचं.” सौंसरच्या बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान चालवणारा नितीन मागून पुढे आला. त्याने टोपी काढून डोकं मास्तरांच्या नाकापुढे धरलं. “हे पाहा मास्तर, पाच टाके. लाज नाही, इज्जत दाखवली गजूभाऊनं आमची. तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दार लावून टीव्ही पाहून राहता, तुमाले काय समजते.” दोघंही एकाच प्रसंगाचा दाखला देत होते, त्या ओघळलेल्या रंगाचा. शेवटी दोघं गजूभाऊकडे वळले. तो क्रेट एकावर एक रचत होता. “मले कायले विचारता,” तो म्हणाला, “मी तं निरा घाम दाखवला.”

तेव्हापासून त्याच्या चाहत्यांच्या दोन फळ्या झाल्या. मास्तरांची मंडळी म्हणायची, हा माणूस हसवून गोटमार बंद पाडेल. नितीनची मंडळी म्हणायची, आपल्यावर आपल्या बोलीत प्रेम करणारा हाच एक. पुढचा पिक्चर ‘जेवणाची सुट्टी’ आला, त्यात सासरा एका काठावर आणि जावई दुसऱ्या काठावर. दुपारी दोघं नदीच्या मधोमध बसून एकाच डब्यातली भाकरी खातात, एकमेकांच्या जखमेला हळद लावतात आणि पुन्हा आपापल्या काठावर जातात. शेवटी जावयाच्या हातातून दगड सुटतो. त्याने तो मारला की टाकून दिला, हे गजूभाऊने दाखवलंच नाही. या एका प्रश्नावरून सौंसरच्या एका लग्नात जेवणाची रांग उधळली. मास्तरांच्या पुतण्याचा ओठ फाटला, नितीनच्या मित्राचा दात वरणाच्या बादलीत पडला. मी हे वाढवून सांगत नाही. विनोदी पिक्चरच्या शेवटाचा अर्थ काय, यावरून आमच्याकडे दात पडला.

गजूभाऊची काम करायची एक रीत होती. ज्याने पिक्चरला सर्वांत जास्त शिव्या घातल्या, त्याला तो पुढच्या पिक्चरमध्ये काम द्यायचा. दात पडलेल्याला दिलं, ओठ फाटलेल्यालाही दिलं. आणि मला दिलं, कारण मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. मथळा होता ‘हसण्यात मुरलेलं रक्त’. रक्त पाहून हसायला शिकवणारा माणूस हातात दगड देणाऱ्यापेक्षा वेगळा नाही, असं मी त्यात लिहिलं आणि दोन्ही गावांत वाटलं. चौथ्या दिवशी तो आमच्या घरी आला, आईने केलेला चहा प्यायला आणि म्हणाला, “झनझनीत लिवलं. आता कामावर ये.”

“गजूभाऊ, मी तुमच्या विरोधात आहे.”

“म्हनूनच तं बलावून राहिलो. फोन तू धरशील. फोन धरनाऱ्याले हसता येत नाही, चित्र हालते. तुले तसंही हसायचं नाही.” जाताना दारातून म्हणाला, “उद्या सात वाजता, पत्रक.” त्या दिवसापासून माझं नाव पत्रक पडलं.

नव्या पिक्चरमध्ये दोन गावांजवळचे दगड संपतात आणि ती संत्र्यांनी लढतात. हंगाम सरला होता, बागांत सडकी फळं हवी तेवढी. शूटिंगसाठी त्याने कोरडा नाला निवडला. एका काठावर मास्तरांची मंडळी, दुसऱ्यावर नितीनची, सगळे मिळून साठेक जण. भांडणाऱ्यांना त्याने मुद्दामच समोरासमोर उभं केलं. तो म्हणाला, एकदा संत्र्यांनी मारामारी झाली की हे मोकळे होतील. मला तेव्हा त्याला अडवता आलं असतं. माझं पत्रक दोन्ही काठांवरच्या खिशांत होतं, सकाळपासून लोक ते काढून एकमेकांना वाचून दाखवत होते, शिव्या देत होते. मला मनातून बरं वाटत होतं. आपले शब्द पेटलेले पाहून कोणत्या लिहिणाऱ्याला बरं वाटत नाही...

त्याने प्रत्येक क्रेटमध्ये हात घालून संत्री दाबून पाहिली. जे कडक निघालं ते बाजूला फेकलं. मग नेहमीचा नियम सांगितला, कट म्हणणारा एकच, आणि तो म्हणजे तो. त्या नियमामागे कारण होतं. पहिल्या पिक्चरच्या वेळी तो खताच्या खड्ड्यात पडला तेव्हा चार जण त्याला काढायला धावले आणि सीन वाया गेला. तेव्हापासून तो मरणाचा पडला तरी कोणी जागचं हलत नसे. उलट तो पडून राहिला की लोकांना जास्त हसू येई, आणि ते हसूच त्याला हवं असे.

तो पंच झाला होता. खांद्यावर पांढरा दुपट्टा घेऊन नाल्याच्या मधोमध जायचं, दोन्ही हात वर करायचे, “बस झालं” म्हणायचं, मार खायचा आणि पडायचं. तो मधोमध गेला. हात वर केले. दोन्हीकडून संत्री सुटली, दुपट्ट्यावर, पाठीवर, तोंडावर फुटू लागली. आणि तो पडला. गुडघे मोडले नाहीत. अर्ध्यात थांबलाही नाही. तोडलेल्या झाडासारखा सरळ मागे गेला.

साठ माणसं हसली. नितीन ओरडला, “एक नंबर, गजूभाऊ.” मास्तरांनी टाळी वाजवली. पडलेल्या माणसावर संत्री पडतच राहिली, छातीवर, पोटावर, उघड्या तोंडावर. त्याचा उजवा हात दोनदा उडाला तेव्हा हशा आणखी वाढला. कोणी काठ उतरला नाही, कारण कट झालं नव्हतं. आम्ही सगळे त्याच्या तोंडून तो शब्द निघायची वाट पाहत होतो. ते चित्रण माझ्याकडे आहे. ते हलतं. त्यात सर्वांत जवळून ऐकू येणारं हसणं माझं आहे.

वर्षावहिनी, गजूभाऊची बायको, चहाची किटली घेऊन बागेतून आल्या. त्या सरळ नाल्यात उतरल्या. दोन संत्री त्यांच्याही पाठीवर बसली, त्यावरही कोणी तरी हसलं. त्यांनी किटली ठेवली, त्याचं डोकं उचललं, खालचा आपला हात बाहेर काढून पाहिला. रसाखाली रक्त होतं. शेजारी मुठीएवढा काळा दगड पडला होता. त्या ओरडल्या नाहीत. आमच्याकडे पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “थांबा ना आता. हे हालून नाही राहिले.”

संत्र्याच्या पिकअपमध्ये घालून त्याला सौंसरला नेलं, तिथून नागपूरला. गाडीत डोक्याशी वहिनी, पायाशी मास्तर, नितीन आणि मी. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. नितीन म्हणाला, “पडले.” मास्तर म्हणाले, “हो, घसरून पडले.” जन्मात एका सीनवर एकमत न झालेली ही दोन माणसं त्या एका शब्दावर एक झाली. वहिनी तेव्हा आत होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी, अन्यायाविरुद्धची पत्रकं वाचून मोठा झालेला मी, मान हलवली. तो शब्द कागदावर चढला. तिसऱ्या दिवशी गजूभाऊ गेला.

शेडमध्ये शोकसभा ठेवली होती. नितीनच्या लोकांना ‘टाका’ दाखवायचा होता, मास्तरांच्या लोकांना ‘जेवणाची सुट्टी’. दगड तुमच्या काठावरून आला, नाही तुमच्या, इथून सुरुवात झाली आणि क्रेट उडायला लागले. एकाच्या पाठीवर फळी फुटली, एकाची भुवई चिरली, चादर मधोमध फाटून खाली आली. आरडाओरडा दमला तेव्हा गजूभाऊचे वडील जागेवरूनच बोलले. “साठ लोक होते तिथं. दोन-दोन डोयाचे. एकालेही दिसलं नाही?” मग त्यांनी स्वतः वाकून चादर गोळा केली. मदतीला कोणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चित्रण घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि माझं आधीचं मान हलवणं खोटं होतं असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी चित्रण दोनदा पाहिलं. म्हणाले, यात फक्त तोच दिसतो, दगड कोणत्या काठावरून आला ते दिसत नाही. काठांवरचे लोक आणा, नाहीतर हे घसरून पडणंच राहील आणि कागद बंद होईल. मी दारोदार फिरलो. कोणी तेव्हा पाणी प्यायला गेलं होतं. कोणाचं तोंड तिकडे होतं. मास्तर म्हणाले, “मी चष्मा पुसून राहिलो होतो रे.” नितीन तोंडापुढची वेल्डिंगची काच खाली न घेता म्हणाला, “तूच लिव ना काही, पत्रक. तुले येते.” आणि निघताना दोघांनीही हळूच सांगितलं की दगड समोरच्या काठावरूनच आला. सही करा म्हटलं की मास्तर वह्या तपासायला लागत, नितीन वेल्डिंग सुरू करी. ज्यांनी त्याच्या पिक्चरमधल्या एकेका नजरेवर वर्षभर वाद घातला, त्यांना समोर मरत असलेला माणूस दिसला नाही.

आजपर्यंत ठाण्यात दोन जबाब आहेत. एक माझा, एक वर्षावहिनींचा. मी त्यांना विचारलं, वहिनी, कोणाला शिक्षा व्हावी असं वाटतं? त्या म्हणाल्या, “शिक्षेचं मले समजत नाही भाऊ. पन कागदावर लिवलं हाय का हे पडले. पडनं तं यांले येत होतं. जिंदगीभर पडले. त्या दिवशी पडले नाहीत हे. यांले पाडलं.”

म्हणून हे लिहितोय, आणि ते काठांवरच्या त्या साठ जणांसाठी लिहितोय. ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून येतंय, ती सौंसरलाही येते, पांढुर्ण्यालाही, वेल्डिंगच्या दुकानातही आणि शाळेतही. गजूभाऊ कसा होता, तो गोटमारीच्या बाजूचा होता की विरोधातला, यावर तुमचं मत आता मला नको आहे. ठाण्यात जा. कोणत्या काठावर उभे होता ते सांगा, हातात काय होतं ते सांगा, शेजारी कोण होतं ते सांगा. दगड कोणी मारला हे खरंच दिसलं नसेल, तर तो पडला तेव्हा आपण हसलो एवढं तरी लिहून द्या आणि खाली सही करा. मी केली आहे, हात मोडत नाही. वर्षावहिनी दर सोमवारी अकरा वाजता ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसतात, कोणी येतं का ते पाहत. बाक लांब आहे. या सोमवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसा.