आवाज नाही म्हणजे बिघाड नाही

लिफ्टमामांचा सगळा संसार त्यांच्या कानावर चालला होता. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला ते कान लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वरच्या अंगाला एक रोलर झिजलाय." उघडून बघावं तर रोलर झिजलेलाच! नवा भाग बसवला की पुढे महिनाभर ते येता-जाता नुसते ऐकत. आवाज नाही म्हणजे बिघाड नाही, हा त्यांचा धर्म. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांचा पंखा, जावयाचं घोरणं, सगळ्यांना एकच न्याय.

मामी एका कपड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, अल्टरेशनचं काम करत. तोंडात टाचण्या धरलेल्या असत, म्हणून दिवसभर गप्प. पण मामींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या की दुकानाचा मालक गिऱ्हाइकाच्या मागे जाऊन उभा राहायचा.

त्या दिवशी दवाखान्यात मामींच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

"काका, वाईट कोलेस्टेरॉल परत होतं तिथेच गेलंय," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाली. वयाने मामींच्या मुलीएवढी. "गोळी रोज घेताय ना?"

मामांनी घसा खाकरला. तेवढ्यात मामींनी सूत्रं हातात घेतली. "जेवण झालं की मी स्वतः ह्यांच्या हातावर ठेवते. माझ्या डोळ्यांदेखत घेतात. तुमच्या गोळीतच दम नाही, बाई! पँट बसली नाही तर मी पँट उसवते. गिऱ्हाइकाला नाही विचारत, पाय नीट घालता ना म्हणून!"

डॉक्टर लाल झाली, आणि तिने पुढचा कागद उलटला. मामांचे थोरले भाऊ बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते, हे तिच्या कागदावर होतं. "घरात असा इतिहास असताना थांबून चालणार नाही," ती म्हणाली. "डोस दुप्पट करूया."

मामा भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसले होते.

खाली उतरताना लिफ्टमध्ये गर्दी होती. हात प्लास्टरमध्ये घातलेला एक माणूस, फुलं घेतलेल्या दोन बायका, आणि कोपऱ्यात मामा-मामी.

"अगं," मामा कुजबुजले, "दुप्पट घेतली तर मला जिना चढता यायचा नाही."

"एक घेता तेव्हा चढताच ना?"

मामा दारावरचे मजल्यांचे आकडे बघू लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"एक... घेत नाही."

फुलंवाल्या बायकांचं बोलणं थांबलं.

"मग माझ्या हातून काय घेत होतात? प्रसाद?"

"गालात धरायचो. मग बेसिनमध्ये."

प्लास्टरवाल्याने सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. उरलेली हकिगत मामांनी एका दमात सांगून टाकली. गोळी सुरू झाल्यावर मांड्या ठणकायला लागल्या. पाय दुखतात असं कळलं असतं तर कंपनीने जिन्याचं काम काढून खुर्चीत बसवलं असतं, आणि खुर्चीतला लिफ्ट मेकॅनिक म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. मग मामींच्या धाकट्या भावाने कॅप्सूल दिल्या. गोळी बंद, कॅप्सूल चालू. ठणका गेला.

"महिनाभर ऐकलं मी. छातीत काही नाही, धाप नाही, कुठे खुट्ट नाही. म्हटलं, बसला भाग."

"ऐकलं? दादांनी काय आवाज केला होता हो?" मामींचा आवाज चढला. "एक नाडी बांधली, दुसरी राहिली! वहिनी स्वयंपाकघरात होत्या, त्यांना तरी कळलं का? आणि मी वर त्या पोरीसमोर तुमची साक्ष काढत होते. माझ्या डोळ्यांदेखत घेतात म्हणे! माझ्या डोळ्यांची काही किंमत ठेवलीत का?"

लिफ्ट थांबली. आतल्या सगळ्यांनी आधी मामींना जाऊ दिलं.

मामींचा धाकटा भाऊ आरोग्यमंत्री या नावाने ओळखला जायचा. व्यायामशाळेखाली त्याचं पावडरी, अर्क आणि कॅप्सूलचं दुकान होतं, आणि सर्दीपासून घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एक डबा होता. मामी मामांना घेऊन थेट तिथे गेल्या.

"ये ताई! भावोजींचा चेहरा बघ, कसा तुकतुकीत झालाय!"

"चेहरा राहू दे. रिपोर्ट बघ."

त्याने बघितला. मंत्र्याला शोभेल असा तो जराही डगमगला नाही. "सुरुवातीला आकडा वाढतोच. आतली घाण बाहेर पडत असते. नैसर्गिक आहे सगळं."

"विंचवाचं विषही नैसर्गिकच असतं. काय आहे ह्यात?"

"लसूण आणि लाल तांदळाचा अर्क."

"किती?"

"पुरेसा."

"पुरेसा म्हणजे? मी गिऱ्हाइकाची पँट पुरेशी कापते का रे? माप घेऊन कापते!"

एवढ्यात आतून त्याची बायको पाण्याचा पेला आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. "अहो, सकाळची गोळी तशीच राहिली तुमची," असं म्हणून तिने वर बघितलं, ताईंना पाहून हसली, आणि ताईंचा चेहरा पाहून हसू तिथेच आवरलं.

मामींनी पट्टी हातात घेतली. तेच नाव. तीच गोळी. मामांच्या गालात रोज मुक्कामाला असलेली.

"तू ही घेतोस?"

"ताई, माझी गोष्ट वेगळी. मला एकदा झटका येऊन गेलाय ना."

मामी ओरडल्या नाहीत. मामा एक पाऊल मागे सरकले, कारण मामी ओरडत नाहीत तेव्हा काय होतं ते त्यांना माहीत होतं.

"म्हणजे ह्यांनाही आधी एकदा येऊन जाऊ दे," मामी सावकाश म्हणाल्या. "मग खरी गोळी सांगणार होतास? की मला तुझ्याकडे सुतकाची पावडर घ्यायला यायचं होतं?"

"तसं नाही गं ताई, लोक आपण होऊन मागतात..."

"लोक मागतात. हे कुठे मागायला आले होते? तू घरी डबा घेऊन आलास. माझ्या हातचं जेवलास आणि ह्यांच्या खिशात घातलास! लाज वाटली नाही?"

त्याच्या बायकोने पेला काउंटरवर आपटला. म्हणजे तिलाही हे आत्ताच कळत होतं, आणि मंत्रिमंडळाची पुढची बैठक घरी व्हायची होती.

पण खरा चमत्कार मामांनी केला. आयुष्यात ज्यांचा आवाज चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, ते काउंटरवर मूठ आपटून म्हणाले, "मेहुण्या, तू लबाड आहेस! आणि मी गाढव!" मग ते वळले आणि तडक दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मामी मागून निघाल्या. हाक मारायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मारली नाही.

डॉक्टर घरी जायला निघाली होती. मामांनी तिला दारातच गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. गाल, बेसिन, मांड्या, कॅप्सूल. ऐकता ऐकता डॉक्टरने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"काका, मी आज डोस दुप्पट केला होता!" ती म्हणाली, आणि आता तीही चांगलीच तापली होती. "न घेतलेल्या गोळीचा डोस! लसणाने थोडंफार उतरेल, पण तुमच्या आकड्याला ते कुठे पुरणार? आणि त्या लाल तांदळाच्या अर्कात कधी कधी ह्या गोळीसारखंच औषध असतं. किती ते ना तुम्हाला माहीत, ना विकणाऱ्याला. पाय दुखत होते तर सांगायचं! आधी रक्त तपासू. मग डोस कमी करता येतो, दुसऱ्या प्रकारची गोळी देता येते. सांगायला तोंड नव्हतं?"

"त्या तोंडात गोळी होती," मामी म्हणाल्या.

ही पोरगी चिडते मात्र पद्धतशीर, असंही मामींच्या मनात आलं.

डॉक्टरने बसून नवा कागद लिहिला. कॅप्सूल आजपासून बंद. उद्या रक्त, मग गोळी. "काकू, ती तुम्हीच देत जाल ना?"

"नाही. मी देणार नाही आणि पुन्हा साक्षही देणार नाही. हृदय ह्यांचं, हात ह्यांचा. घेतली नाही तर इथे येऊन ह्यांनीच सांगायचं."

"घेईन," मामा म्हणाले. "आणि दुखलं तर लगेच सांगेन."

"कोणाला?"

"आधी तुला."

"आधी डॉक्टरांना!" मामी कडाडल्या. मग डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "सकाळी मी तुम्हाला नको ते बोलले. चुकलं माझं."

"असू दे, काकू."

"असू दे कसं?" मामी म्हणाल्या. "तुमच्यावरचा राग मी मागे घेते. ह्यांच्यावरचा अजून पुष्कळ शिल्लक आहे." आणि मामांच्या हातातला कागद काढून न घेता, तो त्यांच्या खिशात नीट जातो की नाही ते बघत त्या उभ्या राहिल्या.